पार्टटाइम क्लास ते फुलटाइम ज्युदो स्कूल: भांडुपच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं. यंदा क्लास फुलटाइम करायचा. आज सकाळपासून वही घेऊन बसलेय. इतकी वर्षं क्लास पगाराच्या जिवावर चालला, कोणाची फी दोन महिने राहिली तरी घर अडत नव्हतं. आता घरच क्लासवर चालणार, म्हणजे हिशोब वेगळा.

सध्याची परिस्थिती लिहून ठेवते. सोसायटीचा हॉल, मंगळ-गुरु-शनि संध्याकाळी, मी विक्रोळीच्या ऑफिसमधून अकाउंट्स आवरून पळत येते. मॅट जिन्याखालच्या खोलीत. आल्यावर मॅट काढा, झाडा, लावा, संपल्यावर परत उचला, पुसा, रचा. दीड तासातला जवळपास अर्धा तास यातच जातो, आणि तो जातो नेमका उकेमीच्या वेळेतून. उकेमी म्हणजे पडण्याची प्रॅक्टिस. ज्युदोत सगळं त्याच्यावर उभं आहे, ज्याला पडता येत नाही त्याला कोणी फेकू नये आणि त्यानेही कोणाला फेकू नये. पण वेळ कमी पडला की कात्री पहिली उकेमीलाच लागते, कारण पोरांना थ्रो हवे असतात आणि पालक दारात उभे असतात. त्यात हॉलमध्ये कोणाचं बारसं, कोणाचा साखरपुडा, की आठवडाच गेला.

तर मला हवी आहे एक अशी जागा जिथे मॅट एकदा लावली की उचलायची नाही. बाकी सगळं त्याच्यामागून.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर माझ्या ज्युदोच्या सरांकडे गेले होते. वय झालंय पण अजून सकाळी उठून मांडी घालून बसतात, पाठ ताठ. सांगितलं त्यांना नोकरी सोडतेय म्हणून. मला वाटलं होतं आधी घाबरवतील, पण त्यांनी आधी विचारलं, "अगं, जमिनीचं काय करणार आहेस?" भाडं नाही, फी नाही, जमीन. मग तासभर त्याच्यावरच बोलत होते. टाइल्सवर नुसती मॅट टाकली तर ती पडणाऱ्याला वाचवते पण हळूहळू गुडघे आणि कंबर खाते, म्हणून मॅटखाली फळी हवी, फळीखाली पट्ट्या, पट्ट्यांखाली रबर, म्हणजे सगळा फ्लोअर थोडासा दबतो. छत उंच हवं. आणि मधे खांब नको, असलाच तर माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत जाड फोम गुंडाळ.

निघताना म्हणाले, ज्युदोचे जनक कानो सेन्सेईंनी १८८२ मध्ये टोकियोत एका देवळात सुरुवात केली तेव्हा फक्त १२ ततामी, म्हणजे जपानी चटया, होत्या. एक ततामी साधारण सहा फूट बाय तीन फूट. म्हणजे आपल्याकडच्या वन रूम किचनएवढी जागा. कोदोकान, म्हणजे ज्युदोची पहिली शाळा, तिथून सुरू झालं. हे ऐकून बळ आलं खरं, खोटं कशाला बोलू.

९ फेब्रुवारी

गाळे बघतेय एलबीएस रोडच्या आजूबाजूला. इंडस्ट्रियल इस्टेटमधले, कारण रेसिडेन्शियल बिल्डिंगमधलं दुकान आपल्याला परवडणारही नाही आणि पुरणारही नाही. अडचण अशी की पहिल्या मजल्यावरचा गाळा स्वस्त, कोरडा, हवेशीर, पण खाली ज्याचं पॅकिंगचं काम चालतं त्याच्या डोक्यावर रोज संध्याकाळी सोळा पोरं धपाधप पडणार, तो किती दिवस ऐकून घेणार. आणि ग्राउंड फ्लोअर घ्यावा तर पाणी.

एक ग्राउंडचा गाळा आवडला. ८०० फुटांच्या आसपास कार्पेट, छत उंच, खांब दोन आहेत पण दोन्ही भिंतीला चिकटून. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. एजंट म्हणाला पाणी कधीच येत नाही मॅडम. एजंट असंच म्हणणार, म्हणून मी गेटवरच्या चहावाल्या काकांना विचारलं, ते तिथे २५-३० वर्षं आहेत. त्यांनी उठून शटरशेजारच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, २६ जुलै २००५ ला इथपर्यंत. माझ्या गुडघ्याच्या जरा खाली, पण ते रस्त्यावरून मोजलेलं, म्हणजे वरच्या पायरीला टेकलेलं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्यानंतर? त्यानंतर दुसऱ्या पायरीच्या वर नाही बघितलं, म्हणाले. एजंटच्या दहा वाक्यांपेक्षा मला हे एक बोट पुरलं.

भाडं ४२,०००, डिपॉझिट दोन लाख. इस्टेटच्या सोसायटीची एनओसी लागेल, मुलांचा क्लास म्हटल्यावर कमिटी बोलावणार.

२ एप्रिल

मार्च एंडिंग पार पाडलं आणि आज राजीनामा दिला. अकाउंट्सवाल्याने मार्चच्या आधी सोडणं बरं दिसत नाही. दोन महिन्यांचा नोटिस पिरियड, म्हणजे मे अखेर मोकळी. ग्रॅच्युइटी काढून बघितली, बेसिक २२,०००, ११ वर्षं, १५ भागिले २६ च्या हिशोबाने एक लाख चाळीस हजाराला थोडी कमी. पण ती हातात येणार जूनच्या शेवटी, मॅट लागणार मे मध्ये. नवरा म्हणाला एफडी मोड, ग्रॅच्युइटी आली की परत टाकू. त्याने एवढं सहज म्हटलं की मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही.

गणित असं बसतंय. भाडं, लाइट, साफसफाई, मदतनीस मुलीचं मानधन, किरकोळ मिळून ६५,०००. घरात माझ्या वाटणीचे ३५,००० जायलाच हवेत. म्हणजे महिन्याला एक लाख. मुलांची फी १,६०० धरली, आठवड्याला तीन दिवस, तर ६३ मुलं लागतात. आता जागेकडून बघू. मॅट बसते ८ मीटर बाय ६ मीटर. त्यावर एका वेळी सहा जोड्यांनी फेकाफेकी केली तर कोणी कोणाच्या अंगावर पडत नाही, म्हणजे १६ च्या वर बॅच नको, चार जण कडेला थांबतील. रोज संध्याकाळी दोन बॅच, सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरु-शनि, मिळून ६४.

६३ लागतात, ६४ मावतात. याचा अर्थ एकही मूल गळता कामा नये, जे कधीच होत नाही. त्यामुळे फुलटाइम म्हणजे संध्याकाळ मोठी करणं नाहीये, दिवसा रिकाम्या पडलेल्या मॅटवर कोणाला आणायचं हा खरा प्रश्न आहे. बॅचमध्ये २५ पोरं कोंबणं हा पर्याय मी वहीतसुद्धा लिहिणार नाही.

२० एप्रिल

लीव्ह अँड लायसन्स झालं. रजिस्टर केलंय, महाराष्ट्रात ते कम्पल्सरीच आहे आणि आपण पोरांना घेऊन बसणार तर कागद पक्का हवा. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ऑनलाइन बायोमेट्रिकवाला माणूस घरी येऊन करून गेला. मालक ११ महिन्यांचं म्हणत होते, मी ३३ मागितले, कारण फ्लोअरवर एवढा खर्च करून ११ महिन्यांनी खाली कर म्हटलं तर कुठे जाऊ. २२ वर जमलं.

गुमास्ताचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं, पण केलं. आपल्याकडे दहापेक्षा कमी माणसं, त्यामुळे २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागली. जीएसटी सध्या नाही, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकटात होतं. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

कमिटीने रात्री नऊला बंद, आणि पॅसेजमध्ये चपला नकोत एवढंच म्हटलं. चपलांचं रॅक आतच करणार.

११ मे

पालकांची मीटिंग, शेवटची, जुन्या हॉलमध्ये. फी ९०० वरून १,६०० होतेय हे मी मेसेजवर टाकलं नाही, समोर उभं राहून सांगितलं आणि खर्चाचा कागद सगळ्यांच्या हातात दिला. भाडं किती, मॅट किती, मला किती. शांतता. मग एक बाबा म्हणाले, मॅडम कराटेला तर अमुक ठिकाणी हजारात होतं. म्हटलं होत असेल, आणि कराटे चांगलंच आहे, त्याला मॅट लागतेच असं नाही, म्हणून स्वस्तात बसतं, आमचं अर्धं शिक्षण जमिनीवर आहे.

दोन भावंडांत दुसऱ्याला निम्मी फी ठेवलीय. तीन मुलं अशी आहेत ज्यांच्याकडून १,६०० निघणार नाहीत हे मला माहितेय, त्यांच्या घरी स्वतंत्र जाऊन बोलले, ती जुन्याच फीवर येतील आणि हे बाकी कोणाला कळणार नाही. ६४ मधून तेवढी जागा मी आधीच बाजूला काढली होती.

बेल्ट टेस्टबद्दल पण विचारलं. टेस्टची वेगळी फी घेणार नाही, फक्त बेल्टचे पैसे. एकदा का टेस्टच्या फीवर भाडं निघायला लागलं की दर तीन महिन्यांनी सगळे पास व्हायला लागतात.

२६ मे

पाऊस आज मुंबईत आला, मे मध्येच, हवामान खात्याच्या नोंदीत इतक्या लवकर कधीच आलेला नाही म्हणतात. आणि माझं प्लायवूड टेम्पोत.

मिस्त्रींनी फोन केला, ताई शटर उघडून ठेवा, आम्ही ताडपत्री टाकून आणतोय. मी मरीन प्लाय घेतलंय, आयएस ७१० वालं, साधं कमर्शियल घेतलं असतं तर २० हजार वाचले असते पण मुंबईच्या दमटपणात ते दोन पावसाळ्यांत फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि मॅटखाली काय चाललंय ते दिसत नाही. चार तास उभी राहून बघत होते. खाली प्लास्टिक शीट, त्यावर दर फुटावर लाकडी पट्टी, पट्टीच्या बुडाला रबराचे तुकडे ठोकलेले, वर १८ एमएमचं प्लाय, भिंतीपासून बोटभर जागा सोडून कारण लाकूड पावसाळ्यात पसरतं. मिस्त्री आधी म्हणत होते एवढं कशाला, जिम आहे का. मग मी त्यांच्यासमोर उघड्या टाइलवर हात आपटून दाखवला, आणि मग त्यांनी बसवलेल्या तुकड्यावर. दुसऱ्यांदा आवाज जड आणि मऊ आला. त्यानंतर ते स्वतःच प्रत्येक तुकड्यावर हात आपटून बघत होते, जिथे आवाज पोकळ येईल तिथे परत उघडून पाचर मारत होते. असा माणूस मिळणं हे नशीब.

मॅट २४, दोन मीटर बाय एक मीटर, चार सेंटिमीटर जाड, हिरव्या आणि लाल. कडेने लाकडी फ्रेम, नाहीतर सरकतात आणि मधल्या फटीत अंगठा जातो.

१६ जून, सोमवार

शाळाही आज सुरू झाल्या, आपणही. जुन्या हॉलमधून ३४ आले, ९ नवीन. नारळ फोडला, सरांनी पहिली उकेमी केली, ७० च्या वयात, आणि मॅटवरचा तो आवाज ऐकून पोरं गप्प झाली.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

पोरांनी फुलं आणली. पण आज लिहायचंय ते वेगळं.

नवीन बॅचच्या एका आईने विचारलं, दहा वर्षांच्या मुलाची, की तीन आठवडे झाले नुसता पडतोय, थ्रो कधी? रागावून नाही, काळजीने, १,६०० देतायत त्या. फुलटाइम झाल्यावरचा दबाव हाच आहे, आणि तो दुष्ट नाहीये म्हणून जास्त अवघड. पार्टटाइम असताना मी म्हणायचे थांबा, आणि एखादा गेला तर गेला. आता प्रत्येक जाणाऱ्या मुलामागे लाइट बिल दिसतं.

मी त्यांना मॅटवर बोलावलं. मुलाला उकिडवं बसवून मागे पडायला सांगितलं. हनुवटी छातीला, नजर बेल्टच्या गाठीवर, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, आपटले, डोकं टेकलं नाही. मग म्हटलं आता तुमचा हात त्याच्या डोक्याखाली ठेवा, परत पड रे. त्यांच्या हाताला डोकं लागलंच नाही. मग सांगितलं की ओसोतो गारी नावाचा थ्रो आहे, दिसायला सोपा, माणूस सरळ मागे जातो, नवशिक्यांच्या डोक्याला मार लागतो त्यात हा सगळ्यात पुढे. जपानमध्ये २०१२ पासून मिडल स्कूलला मार्शल आर्ट कम्पल्सरी झालं तेव्हा तिथे ज्युदोतल्या डोक्याच्या दुखापतींवर केवढी चर्चा झाली. जिथे ज्युदो जन्मला तिथे. आम्ही इथे आधी ओ गोशी, म्हणजे कमरेवरून फेकायचा थ्रो, शिकवतो, त्यात फेकणारा शेवटपर्यंत बाही धरून ठेवतो, आणि ओसोतो खूप नंतर.

त्या म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलं कोणी, मी तर घरी पण हेच करून घेईन. आता दर नवीन पालकाला हा हात ठेवायला लावायचा, ॲडमिशनच्याच दिवशी.

अजून एका बाबांना स्पर्धा हवीय, मुलगी आठ वर्षांची. लिन्थोई चनांबमने २०२२ ला साराजेव्होत कॅडेट, म्हणजे किशोर गटाच्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये गोल्ड घेतलं तो व्हिडिओ मीच ग्रुपवर टाकलेला, भारताचं ज्युदोतलं कुठल्याही वयोगटातलं पहिलं वर्ल्ड गोल्ड, अभिमान वाटणारच. पण त्याच २०२२ मध्ये जपानच्या फेडरेशनने प्रायमरीच्या मुलांची नॅशनल वैयक्तिक स्पर्धा बंद केली, लहान पोरांना वजन उतरवायला लावत होते, पालक आणि कोच रेफ्रीवर ओरडत होते म्हणून. आठ वर्षांच्या मुलीला मी स्पर्धेला नेणार नाही. बाबा नाराज झाले, पण मुलगी येतेय.

२८ जुलै

सकाळची बायकांची बॅच आज सुरू. साडेदहा ते साडेअकरा, मुलं शाळेत सोडून यायचं, आठवड्यातून दोनदा, १,२०० रुपये. फोन सगळे "सात दिवसांत सेल्फ डिफेन्स" साठी येत होते. मी प्रत्येकीला स्पष्ट सांगितलं, सात दिवसांत कोणी कोणाला हरवायला शिकत नाही, आणि तसं वाटायला लावणं धोक्याचं आहे. इथे पहिले दोन महिने पडायला, उठायला आणि पकड सोडवायला शिकाल. सांगितल्यावर निम्म्या आल्याच नाहीत. आल्या त्या आठ.

त्यातल्या एक काकू, पन्नाशीच्या पुढच्या, गेल्या पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर घसरून मनगट मोडलेलं. घसरल्यावर हात मागे टेकवला, सगळं वजन मनगटावर. आपण सगळेच तसंच करतो, शरीराची सवय आहे. डॉक्टरांची चिठ्ठी बघूनच घेतलंय त्यांना, आणि उभ्याने पडणं त्यांच्यासाठी सध्या नाहीच. जमिनीवर झोपून फक्त हात आपटायचे, हनुवटी आत, मग बसून कुशीवर. खरं काम तर वेगळंच निघालं, जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणं. पाच जणींना येत नव्हतं. आठ जणी एका ओळीत बसल्या आणि कूस बदलून, गुडघा टेकून, उठायच्या प्रयत्नात, कोणी हसतंय कोणी घाम पुसतंय, आणि मला एकदम लक्षात आलं की हा भांडुपमधला सगळ्यात उपयोगी तास असू शकतो.

१९ ऑगस्ट

शाळांना सुट्टी, सगळीकडे पाणी, क्लास बंद. पण मी गेले बघायला. दुसरी पायरी भिजली, तिसरी कोरडी. चहावाले काका शटर अर्धं ओढून बसलेले, मला बघून नुसती मान हलवली. आत मात्र ओल, कोपऱ्यातली एक मॅट उचलून बघितली, प्लाय कोरडं पण वास दमट. उद्यापासून रोज रात्री एक फॅन जमिनीलगत चालू ठेवायचा, आणि दर रविवारी चार मॅट उभ्या करून वाळवायच्या, आलटून पालटून.

१४ सप्टेंबर

ग्रेडिंग, म्हणजे बेल्ट टेस्ट. सरांना बोलावलं होतं परीक्षक म्हणून, मी माझ्याच मुलांना पास करणं मला बरं वाटत नाही. १९ बसले, १५ पास. चार जणांना थांबवलं, चौघांनाही उकेमीवरच, डाव्या बाजूची. एकाच्या वडिलांनी संध्याकाळी फोन केला, आवाज चढलेला. ऐकून घेतलं. म्हटलं दोन आठवड्यांनी परत बघते, पैसे नाहीत, फक्त डावी बाजू. मुलगा दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन डाव्या बाजूला पडत होता. मॅट लावलेलीच होती.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा हिशोब. मुलं ५८, बायका १३. ऑक्टोबरमध्ये सुट्ट्यांमुळे फी उशिरा येतेय पण येतेय. एक लाखाचा आकडा सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा पार झाला, थोडक्यात. ग्रॅच्युइटी आली तशी एफडीत परत गेली. मदतनीस मुलीचं मानधन ८ वरून १० हजार केलं, ती नसती तर लहानांची बॅच झाली नसती, आणि मुलींना धरून दाखवायला अजून एक बाई मॅटवर असणं याची किंमत पालक बोलून दाखवत नाहीत पण त्यांना कळते.

पुढचं: दुपारी चारचा तास अजून रिकामा आहे. जवळच्या शाळेच्या पीटी सरांशी बोलणं झालंय, सातवीच्या मुलांना दर शुक्रवारी चालत इथे आणायचं, फक्त पडायला शिकवायचं, बेल्ट नाही ड्रेस नाही. त्यांना मॅनेजमेंटची परवानगी हवीय आणि मला पालकांच्या सह्या. फॉर्म आज बनवला, त्यात दम्याचा आणि फिट येण्याचा कॉलम घातलाय. उद्या प्रिंट काढून देते.